चौऱ्यांशीचा दगड



आमची दिंडी वीजकेंद्राच्या आधीची. दीपनगर हे नावही नव्हते तेव्हापासून ती पंढरीला चालते. शंभर वर्षांच्या या पुस्तकात देणगीदारांची यादी छापायची ठरली, कोणी पाचशे एक, कोणी गव्हाचे पोते. त्यावरून आम्ही एका दगडाविषयी लिहितो.

विठ्ठल मंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख वारकऱ्याला ठाऊक आहे, पण वाचायला नाही, पाठ घासायला. तिथे पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत. घासून घासून अक्षरे झिजली. दगडावर लिहिलंय काय, हे विचारायला मागची रेटारेटी थांबूच देत नाही.

तर लिहिलंय काय? देणगीदारांची यादी! शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७, या काळात देवळाला कोणी काय दिलं ते. राजा रामदेवराव यादव त्यात आहे आणि त्याला पंढरीच्या फडाचा मुख्य म्हटलंय. फड हा शब्द आपण आजही बोलतो बरं का. त्याच दगडावर साधे भक्तही आहेत, दिलेल्या गद्याणांसकट. गद्याण म्हणजे तेव्हाचं नाणं.

मूर्ती नाही, वेलबुट्टी नाही, म्हणून त्याला कोणी कला म्हणत नाही. आम्हाला मात्र तो फार देखणा वाटतो. दगडावर खोडरबर चालत नाही. पाभर धरावी तशी ओळ धरावी लागते, टाकी घसरली की गेलं. आणि काळ तर बघा. ज्ञानोबारायांचा जन्म शके ११९७, म्हणजे यादी चालू असतानाचा. आपली मुक्ताई शके १२०१ ची, दगड पुरा झाल्यावरची. ज्ञानेश्वरी लिहिली गेली नव्हती, तरी माणसं पंढरीला येत होती, पदरचं देत होती.

कोणी म्हणेल, महाराज, श्रद्धेत हात घालू नका. नाही घालत. फेरा चुकवणं देवाच्या हाती. पण आपल्या सदऱ्याने पुसली जातात ती आपल्याच आधीच्या वारकऱ्यांची नावं.

आषाढीच्या गर्दीत वाचणं जमायचं नाही. कार्तिकी सरल्यावर, कापूस वेचणीतून दोन दिवस काढून, शिकलेल्या पोरांना घेऊन जावं. जेवढी अक्षरं लागतील तेवढी त्यांनी मोठ्याने वाचावी, आम्ही ऐकू.