शिक्षणाची सक्ती नेमकी कोणावर?

आजचा विषय आहे आपल्या शिक्षणव्यवस्थेचा इतिहास आणि तिची रचना. विषय अफाट आहे, म्हणून आम्ही एकच शब्द हाताशी धरून चालणार आहोत. तो शब्द म्हणजे 'सक्ती'. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळं शब्दांच्या मागं लागायची खोड आम्हाला आहेच. 'मोफत आणि सक्तीचे शिक्षण' असं आपण एका दमात म्हणतो. मोफत म्हणजे काय ते लगेच कळतं. पण सक्ती कोणी करायची, कोणावर करायची, आणि ती मोडली तर काय?

थोडं मागं जाऊ. १८३५ नंतर कंपनी सरकारचं धोरण असं होतं की वरच्या थरातल्या थोड्या लोकांना शिकवावं, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. १८५४ साली वुडचा खलिता आला. त्यातून शिक्षणखाती उभी राहिली, विद्यापीठं निघाली आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान द्यायची पद्धत आली. आज आपल्या भागात ज्या अनुदानित शाळा दिसतात, त्यांचं मूळ तिथं आहे.

पण झिरपणं काही झालं नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढं रोखठोक हिशेब मांडला. सरकारचा पैसा येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे कसं? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. सरकारनं ती मानली नाही.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये ती सगळ्या संस्थानाला लावली. मग १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी विधेयक मांडलं. गोखले आपल्याच भागात, कागलला आणि कोल्हापुरात शिकलेले, बरं का! पुढच्या वर्षी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

आणि १९१७ साली कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्यासाठी वर्षाला १ लाख रुपयांची तरतूद केली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. म्हणजे इथं सक्ती पालकावर आहे. ज्याच्या घरी पोर गुरं राखतं, पाखरं हाकतं, त्या माणसावर दंड! हे कठोर वाटेल.

पण मंडळी, हा दंड एकटा वाचू नका, त्याच्या आधीची सोळा वर्षं बघा. १९०१ पासून महाराज कोल्हापुरात वसतिगृहं उभी करत होते. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, १९०८ चं मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातला पोरगा शहरात शिकायला आला तर राहणार कुठं आणि जेवणार काय, याचं उत्तर आधी तयार झालं. सक्तीचा कायदा नंतर आला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. राजा स्वतःलाही बांधून घेत होता, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. पेठ वडगावजवळच्या कुंभोजचे भाऊराव पाटील अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले आणि १९१९ साली त्यांनी काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. तिचा पायासुद्धा वसतिगृहाचाच.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. राज्यघटनेच्या कलम ४५ नं सांगितलं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा शासनानं प्रयत्न करावा. आता शब्द शासनाकडं वळला, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत होता. कोर्टात जाऊन मागता येत नव्हता. दहा वर्षं सरली आणि उद्दिष्ट तसंच राहिलं.

आपल्या व्यवस्थेची आजची रचना पुढच्या काळात बसली. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, गावची प्राथमिक शाळा त्यांच्याकडं गेली. हायस्कुलं मुख्यतः रयत, बापूजी साळुंख्यांची स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था अशा संस्थांनी चालवली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. त्या आयोगाची १०+२+३ ही रचना महाराष्ट्रानं घेतली, १९७५ ला नव्या दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली. त्याच आयोगानं सांगितलं होतं की एका वस्तीतली गरीब-श्रीमंत सगळी मुलं एकाच शेजारच्या शाळेत जावीत. ती सूचना मात्र अमलात आली नाही.

शेवटी २००२ च्या घटनादुरुस्तीनं शिक्षण मूलभूत हक्क झालं, २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम ८ जरूर वाचा. तिथं 'सक्तीचे शिक्षण' याची व्याख्या अशी आहे की प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची जबाबदारी शासनाची. पालकाचं कर्तव्य कलम १० मध्ये आहे, पण दंड नाही. १९१७ चा शब्द पुरता फिरला, बघा! सक्ती आता सरकारवर आहे.

मग आज काय चाललंय? वस्तीपासून १ किलोमीटरवर प्राथमिक आणि ३ किलोमीटरवर उच्च प्राथमिक शाळा असावी, असा आपल्या राज्याचा नियम आहे. आणि त्याच राज्यात कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा चालते. पट कमी म्हणजे खर्च जास्त, हा हिशेब आम्हाला कळतो. मोठ्या शाळेत शिक्षक जास्त मिळतील, हेही खरं. पण वाडीवरची आठ-नऊ वर्षांची पोर पावसाळ्यात ओढा ओलांडून रोज जाणार कशी, हे आधी ठरलं पाहिजे. शिवाय कायद्याचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो, आणि हायस्कूल लांब पडतं तेही नेमकं त्याच सुमाराला. मुलींच्या मोफत एसटी पासाचं मोल तिथं कळतं. तो पास म्हणजे आजचं बोर्डिंगच.

तेव्हा तुमच्या गावची शाळा हलवायचा विषय ग्रामसभेत निघाला, तर पट किती एवढंच विचारू नका. पोरांची जायची-यायची सोय आधी झाली का, ते विचारा. शाहू महाराजांनी सोय आधी केली होती आणि दंड मागून ठेवला होता. आपण निदान तो क्रम तरी पाळावा.