शिधा आणि वर्दी

भटक्यांचा विषय निघाला की माझे आजोबा एक वाक्य ठरल्यासारखे बोलत : "पालं पडली की शिधा द्यायचा आणि वर्दी द्यायची." लहानपणी वर्दी म्हणजे पोलिसाचे कपडे एवढेच मला माहीत. शिध्याबरोबर आजोबा त्या लोकांना जुने कपडेही देत असावेत, अशी माझी समजूत होती. वर्दी देणे म्हणजे ठाण्याला खबर देणे, हे पुष्कळ उशिरा कळले. ज्या हाताने पीठ द्यायचे त्याच हाताने खबर का द्यायची, हा प्रश्न तर त्याहून उशिरा पडला. आमच्या घरात पाटीलकी नव्हती. कळसाडीच्या शिवारात थोडी जमीन, इतकेच. मग आजोबांवर वर्दीची जबाबदारी आली कुठून? माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. जुने कायदे, गॅझेटियर आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांच्या आधाराने मी या प्रश्नाचा माग काढत आलो.

खानदेशला फिरती माणसे नवी नव्हती. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारी मोगलकाळातली मोठी वाट नंदुरबारवरून जात असे. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याच वाटेने गेला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे बंजारे हे त्या काळचे वाहतूकदार. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो, तो लांबलांबून घोडे घेऊन येणाऱ्यांच्या जिवावरच. आणि पिके निघाली की मेंढ्यांचे कळप घेऊन ठेलारी येत. शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला सांगे. लेंडीखत जमिनीला मिळे, धान्य ठेलाऱ्याला मिळे. कोणत्या रानात किती रात्री बसायचे, याची बोलणी बांधावर होत.

हे सगळे गोडीगुलाबीचे होते, असे मी म्हणणार नाही. पालाची जागा गावाबाहेरच असे. उभ्या पिकात जनावर शिरले की काठ्या निघत. पाणवठ्यावरून वाद होत. पण भांडण व्हायलाही ओळख लागते. हे लोक कोण, कधी येतात, कधी जातात, त्यांच्यातला म्हातारा कोण, हे गावाला ठाऊक असे. अनोळखी माणसाला आणि फिरत्या माणसाला गाव एकाच मापाने मोजत नव्हते.

हे माप बदलले ते कायद्याने. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याच्या कक्षेत मुंबई इलाखाही आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. त्यांची नोंदणी, हजेरी, बोटांचे ठसे, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती, हा इतिहास आता बराच लिहिला गेला आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले. त्यांनी हे जगणे आतून मराठी वाचकांसमोर ठेवले.

मला मात्र त्या कायद्यातले दुसरेच एक कलम थांबवून गेले. ते भटक्यांविषयी नव्हते, आपल्याविषयी होते. नोंद झालेल्या जमातीचे लोक जिथे राहत असतील, तिथल्या पाटलाने, जागल्याने आणि ज्याच्या जमिनीवर ते उतरले असतील त्या मालकाने किंवा कसणाऱ्याने, त्यांच्यातले कोणी निघून गेल्यास ठाण्याला कळवलेच पाहिजे. इतकेच नाही. अशा जमातीचे असावेत असा वाजवी संशय येईल, अशी माणसे नुसती आली तरी कळवले पाहिजे. न कळवणाऱ्याला दंडविधानाखाली शिक्षा. माझ्या आजोबांची वर्दी मला इथे सापडली. ते चहाडखोर नव्हते. शेताचे मालक होते, आणि कायद्याने शेताच्या मालकाला पहारेकरी करून ठेवले होते.

संशय येईल अशी माणसे! आता यादीत नाव नसले तरी चालत होते. पाल दिसले की संशय पुरेसा. भटक्यांच्या पायांत बेडी घालणारा कायदा म्हणून आपण याकडे पाहतो, ते खरेच आहे. पण त्याच कायद्याने गावाच्या डोळ्यांवरही काम केले. ओळखीच्या जागी संशय हे कर्तव्य म्हणून बसवले. त्या काळचे जाणते लेखकही यातून सुटले नाहीत. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गुन्हेगार जाती' १९११ मध्ये आणि 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्याची इतकी बारकाईने पाहणी करणारा लेखक विरळा. तरी फिरस्त्यांचा विषय आला की त्यांना ते कुणब्याच्या मानेवरचे ओझेच दिसते. मेंढ्यांच्या खताचा आणि मिठाच्या गोणीचा हिशेब जमेच्या बाजूला येतच नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशपातळीवर हा कायदा रद्द झाला. 'गुन्हेगार'चे 'विमुक्त' झाले. पण १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा पाहा. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे, एखादी वस्तू विकायला पुढे करणे, या निमित्ताने पैसे मागितले तरी ती भीक ठरते. म्हणजे अनेक जमातींचा पिढीजात व्यवसायच गुन्ह्यात जमा. दुसरीकडे शेतीही बदलली. कूपनलिका आल्या, ऊस आणि केळी आली. रान रिकामे राहिना, तेव्हा मेंढ्या बसवायच्या कुठे? रासायनिक खताची गोणी दुकानात मिळू लागली आणि बांधावरची बोलणी आटली. ओळख जगवणारा व्यवहार संपत गेला. संशय जगायला मात्र व्यवहार लागत नाही.

१ जुलै २०१८. आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा होऊन त्या दिवशी वीस वर्षे झाली. त्याच रविवारी, शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. शासनाच्या दप्तरी ही जमात भटक्या जमातींत मोडते, विमुक्तांत नाही. त्यांना कोंडून मारले ती जागा ग्रामपंचायतीचे कार्यालय होती. एके काळी पाहुण्याने आधी चावडीवर यावे, आपण कोण ते सांगावे, अशी रीत होती. त्याच चावडीचा हा आजचा वारस.

त्याआधी काही दिवस मुले पळवणाऱ्यांविषयीचा संदेश मोबाइलवर फिरत होता. माझ्याकडेही आला. वेषांतर करून फिरणाऱ्या माणसांपासून सावध राहा, असा काहीसा मजकूर. वीस वर्षे या विषयाची कागदपत्रे चाळणाऱ्या मी तो दोन नातेवाइकांना पुढे पाठवला. खरा मानून नव्हे. असू द्यावे सावध, म्हणून. माझा संदेश राईनपाड्याला पोहोचला नसेल. पण तिथे पोहोचलेला प्रत्येक संदेश कुणीतरी असाच, असू द्यावे म्हणून पाठवलेला होता. आजोबांना वर्दी न दिल्यास शिक्षेचे भय होते. मला कशाचे होते? कायदा जाऊन सहासष्ट वर्षे झाली होती आणि मी आपखुशीने वर्दी दिली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शिवाराच्या कडेला तीन पालं पडली. गावातल्या एका तरुणाने मला सुचवले, "काका, त्यांच्या आधार कार्डांचे फोटो काढून ग्रुपवर टाकून द्या, बरं असतं." मी गेलो. फोटो काढला नाही. गाव कोणते, कुठून आलात, पुढे कुठे जाणार, हे विचारले. म्हाताऱ्याने सांगितले. मग त्याने मला विचारले, "तुम्ही कोणाचे?" मी आजोबांचे नाव सांगितले. त्याने ते ओळखले नाही. ओळखावे असे काही कारणही नव्हते.

घरी येऊन पीठ, डाळ आणि मीठ घेऊन पुन्हा गेलो. शिधा दिला. वर्दी दिली नाही.