धरण उशाला, पण चावी कुणाकडं?



निवडणूक जवळ आली की आपल्या पालीत दोनच प्रश्न ऐकू येतात. कोण उभं राहतंय, आणि हवा कुणाची आहे. चहाच्या हॉटेलात, स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडं हेच. पण ज्या गावाच्या उशाला बिंदुसरेचं धरण आहे, त्या गावात "या पाण्याचं पुढं काय?" हा प्रश्न प्रचारात कुणी काढत नाही. उमेदवार काढत नाही, कारण आपण विचारत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. इतिहास सांगितल्याशिवाय मुद्दा नीट कळणार नाही.

सुरुवात खजिना बावडीपासून करू. बीडहून सोलापूर रस्त्यानं आपल्याकडं येताना ही विहीर लागते. अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकात, मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं ती बांधून घेतली आणि राजा भास्कर यानं ती उभी केली, असं सांगितलं जातं. आपण ती पाहुण्यांना दाखवतो, फोटो काढतो आणि "दुष्काळात पण आटत नाही" असं सांगून मोकळे होतो. ती चालते कशी हे मात्र फार कमी जण बघतात. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्या भुयारातून बाहेर पडून खालच्या अंगाच्या शेतांना जातं. मोट नाही, इंजिन नाही, मोटार नाही, वीजबिल नाही. नुसता जमिनीचा उतार धरून केलेलं काम.

त्यात कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे. पण दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. पहिली म्हणजे जुन्या काळी पाणी सगळ्यांचं होतं, हा गोड गैरसमज आहे. राज्य जहागीरदाराचं, पाण्यावर शब्द त्याचा. गावोगावचे पाणवठे जातीप्रमाणं वेगळे. १९२७ ला बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला तो काय उगाच नाही. दुसरी गोष्ट अशी की भुयाराचं पाणी साफसफाई ठेवली तरच वाहतं. बांधणाऱ्याचं नाव चारशे वर्षं टिकलं. पण मधल्या काळात गाळ काढणाऱ्या, दगड बसवणाऱ्या शेकडो हातांमधलं एकही नाव आपल्याला माहीत नाही. आपल्या राजकारणाची खोड इथंच दिसते. बांधणाऱ्याची पाटी लागते, सांभाळणाऱ्याची लागत नाही.

आता धरणाकडं येऊ. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. पुढची आठ वर्षं आपण हैदराबाद राज्यात होतो, १९५६ च्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्याच १९५० च्या दशकात पालीजवळ बिंदुसरेवर मातीचं धरण झालं. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी इथून बीड शहरातून जाते, पुढं सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. जहागीरदाराच्या जागी सरकार आलं. मालक बदलला, पण चावी गावाच्या बाहेरच राहिली.

धरण किती मोठं? साठवण क्षमता साधारण ७ दलघमी. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०० दलघमीच्या वर आहे, माजलगावची साडेचारशेच्या आसपास. त्यांच्यापुढं आपलं धरण म्हणजे घागरीपुढं वाटी. पण या वाटीचा हिशोब करून बघा. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. सात म्हणजे सातशे कोटी. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १ लाख ४६ हजार ७०९ होती. माणशी रोज शंभर लिटर धरलं तर दिवसाला दीड कोटीच्या आत-बाहेर लागतं. म्हणजे काठोकाठ भरलेलं धरण कागदावर त्या शहराला सव्वा वर्ष पुरायला पाहिजे. प्रत्यक्षात उन्हानं वाफ होते, तळाचं पाणी उपसता येत नाही, शेतीला द्यावं लागतं आणि शहर २०११ च्या मानानं कितीतरी वाढलंय. बीडला माजलगावहून पाणी आणावं लागतं ते त्याच्यामुळंच.

आता या हिशोबात गाळ घाला. सत्तरेक वर्षं डोंगरावरची माती वाहून येतेय, ती कुठं जाणार? तळातच बसणार. धरणात एक दलघमी गाळ बसला म्हणजे २०११ च्या बीडचं दोन महिन्यांचं पाणी गेलं. तेवढाच गाळ बाहेर काढायचा म्हटलं तर दहा लाख घनमीटर, म्हणजे साडेतीन लाख ब्रास. ट्रॅक्टरची एक ट्रॉली एक ब्रासची धरली तर साडेतीन लाख खेपा. चार दिवस जेसीबी लावून, नारळ फोडून, फोटो टाकून हे होणारं काम नाही. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना २०१७ ला आली, कल्पना चांगलीच आहे. तळ्याचा गाळ हलक्या रानात पडला की पीक बदलतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण ते दर उन्हाळ्याचं काम आहे, आणि दर उन्हाळ्याला कुणाला तरी जाब विचारावा लागतो. निवडणूक मात्र पाच वर्षांतून एकदा.

पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की बीडची गर्दी होते, भज्यांचे गाडे लागतात. आपल्यालाही बरं वाटतं, वाटायलाच पाहिजे. पण हीच नदी २३ जुलै १९८९ ला बीड शहरात शिरली होती. वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, माणसं गेली. आजही त्या पिढीतली माणसं "पुराच्या वर्षी" असं म्हणून साल सांगतात. वाटीएवढं धरण महापूर पोटात घेऊ शकत नाही. त्यामुळं नदीचं पात्र मोकळं ठेवणं आणि सांडवा, भराव तपासत राहणं हा जिवाचा प्रश्न आहे. धरणाच्या वरचं गाव आणि खालचं शहर या बाबतीत एकाच दोरीला बांधलेले आहेत. पाली विरुद्ध बीड असं भांडण लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मधे १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. ज्यांनी तेव्हा खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या भाकरी थापल्या, त्यातली काही माणसं अजून घराघरात आहेत. त्यांना विचारा. पोटासाठी काम मागायला गेलेल्या त्या लोकांच्या घामातून राज्याला रोजगार हमीचा कायदा मिळाला, आणि तीच कल्पना २००५ ला देशाच्या कायद्यात गेली. त्या कामांतून राज्यभर पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले. लोकांनी मागणी लावून धरली म्हणून ते झालं. आयतं कुणी आणून दिलं नाही.

मग आज मागणी लावून धरायची कुठं? १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा सांगितलं गेलं की सत्ता आता गावाच्या दाराशी येणार. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं त्यावर शिक्का मारला. पण मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि वेळेवर निवडणूक न होता कारभार प्रशासकाच्या हाती गेला. सरपंच थेट निवडायचा की सदस्यांतून, हा नियम २०१७ ला बदलला, २०२० ला परत फिरवला, २०२२ ला पुन्हा बदलला. पाच वर्षांत तीनदा खेळाचे नियम बदलले आणि तिन्ही वेळा गावाला कुणी विचारलं नाही.

या सगळ्यात एकच जागा अशी आहे जिथं मत टाकून घरी जायचं नसतं, उभं राहून बोलता येतं. ती म्हणजे ग्रामसभा. कायद्यानं वर्षाला किमान चार घ्याव्याच लागतात. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. म्हणजे आपण गेलो नाही तर आठ-दहा जणांत सगळं मंजूर. कायदा मोडला असंही म्हणता येत नाही, कारण मोकळी खुर्ची आपणच सोडलेली असते.

आता आपल्या जिल्ह्याची खरी गोम सांगतो. ग्रामसभेचे ठरलेले दिवस बघा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आणि आपल्या माणसांचं वर्ष बघा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. पुढच्या वर्षाचा गावाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरपासून पुढच्या काही महिन्यांत तयार होतो, नेमका लोक बैलगाडी-ट्रॅक्टरवर संसार लादून चाललेले असतात तेव्हा. २६ जानेवारीला झेंडावंदन होतं, पण ज्यांच्या घरच्या बायांना उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरावं लागतं ते उसाच्या फडात. २०२४ च्या विधानसभेचं मतदानही २० नोव्हेंबरला होतं, गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून. मतासाठी निदान गाड्या तरी पाठवतात, ग्रामसभेसाठी कोण पाठवणार?

म्हणून माझं मत सरळ आहे. आराखड्याची मुख्य ग्रामसभा आपण १५ ऑगस्टचीच मानावी. तेव्हा फडावरची माणसं गावात असतात आणि धरणात किती पाणी आलं हेही डोळ्यासमोर असतं. महिलांची सभा आधी घ्यायची तरतूद आहे, ती सह्यांपुरती न होता खरी व्हावी. आणि तिथं पक्ष बाजूला ठेवून तीन गोष्टी लेखी मागाव्यात.

एक. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी जो निधी दिला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. आपल्या गावात तो कशावर गेला, हे वाचून दाखवा. ई-ग्रामस्वराजवर मोबाइलमध्येही दिसतं, पोरांनो, रील बघता बघता एकदा ते पण उघडा.

दोन. धरणातला गाळ, सांडवा, भराव यांची शेवटची पाहणी कधी झाली आणि त्यात काय निघालं, याची माहिती मागणारा ठराव करा. पाण्याच्या आरक्षणाचा निर्णय जिल्ह्याला होतो हे खरं, पण ठराव करायला गावाला कुणी अडवलेलं नाही.

तीन. येणारा उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, नवीन काय बांधणार हे त्याला विचारू नका. आहे ते कसं सांभाळणार, दर वर्षी किती खर्च करणार आणि हिशोब कुठं लावणार, हे विचारा. सिमेंट रस्त्याचं उत्तर सगळ्यांकडं तयार असतं. या प्रश्नाला कोण अडखळतो ते बघा, तिथंच माणूस कळतो.

कुणी म्हणेल, ठरावानं काय होतंय, कागदच तो. मान्य आहे, कागदच आहे. पण धरणाच्या चावीवर गावानं आपला हक्क सांगितला, असा एक तरी कागद दप्तरात असू द्या. खजिना बावडीच्या काळात रयतेला तेवढंही करता येत नव्हतं. आपल्याला येतं.

१५ ऑगस्टला झेंड्याला याल, तर जिलेबी खाऊन लगेच घरी जाऊ नका. तासभर बसा.