तिकीट, डबा आणि परतीची गाडी

रायगड जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. तिथे आजही प्रवासी रेल्वे नाही. पण समुद्रापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या कर्जत-खालापूरच्या भागात आगगाडी १८५६ सालीच आली. कल्याणहून निघालेले रूळ त्या वर्षी खोपोलीला पोचले. रेल्वे कंपनीने ते काही क्रिकेटसाठी टाकले नव्हते. तिला बोरघाट चढून पुण्याकडे जायचे होते. पण या रुळांच्या जोरावर आमच्याकडच्या बेताच्या मिळकतीच्या माणसाने मुंबईतले मोठे सामने प्रत्यक्ष पाहिले. आज बोलायचे आहे ते त्याविषयी.

भारतातला पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर सुरू झाला. लाला अमरनाथांनी पदार्पणातच ११८ धावा काढल्या, त्या इथेच. हे मैदान बोरीबंदर स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. म्हणजे कर्जतहून १०० किलोमीटर आणि खोपोलीहून ११५ किलोमीटर गाडीने आले की पुढे ट्रामचाही खर्च नाही. १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले आणि पुढे वानखेडे उभे राहिले, तीही दोन्ही पायी जाण्यासारखीच. मुंबईच्या मोठ्या क्रिकेटने बोरीबंदरपासून फार लांब घर केले नाही, हे आमचे भाग्य.

जागा मिळणे मात्र वेगळी गोष्ट. ब्रेबॉर्न हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तिकिटे किती कोणाच्या वाट्याला यावीत, यावरून हा क्लब आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले. त्या भांडणातूनच बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने असोसिएशनचे स्वतःचे स्टेडियम झाले. जानेवारी १९७५ मध्ये तिथल्या पहिल्या कसोटीत क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा केल्या. म्हणजे वानखेडेच्या पायातच तिकिटांचा वाद आहे. बसायला जागा कोणाला, हा प्रश्न मुंबईच्या क्रिकेटला नवा नाही.

आमच्या तरुणपणी या प्रश्नाला कर्जतचे उत्तर वर्गणीचे होते. पाच दिवसांचे एक सीझन तिकीट, पाच मित्र, आणि प्रत्येकाला एक दिवस. कोणाला कुठला दिवस, याच्या चिठ्ठ्या टाकायच्या. चौथा-पाचवा दिवस ज्याच्या वाट्याला येई, त्याचे नशीब भारताच्या फलंदाजीवर अवलंबून! संध्याकाळी गाडीतून उतरणाऱ्याने तिकीट उद्याच्या माणसाच्या हाती द्यायचे आणि दिवसभराचा खेळ फलाटावरच सांगायचा. मुंबईत नोकरीला जाणाऱ्याकडे रेल्वेचा पास असेच. त्याचा प्रवास फुकटात पडे. डब्यात पोळी-भाजी, खांद्याला पाण्याची बाटली. चैन म्हणजे परत आल्यावर कर्जत स्टेशनवरचा गरम वडा.

या हिशेबात एक बाजू अशी होती की तिचा वेगळा विचार करावा लागत नसे. ती म्हणजे वेळ. कसोटीचा खेळ सकाळी सुरू होई आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास संपे. पहाटेची गाडी धरली की पहिला चेंडू सापडे. खेळ संपल्यावर चालत बोरीबंदरला आले की रात्रीच्या जेवणाला माणूस घरी. मुक्काम नाही, नातेवाइकांना त्रास नाही. कसोटीचे वेळापत्रक आणि लोकलचे वेळापत्रक न ठरवताही एकमेकांत बसत होते.

ज्याला तेवढेही जमत नसे, त्याच्यासाठी आकाशवाणी होती. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत गावोगाव माणसे ट्रान्झिस्टरभोवती जमत. स्टेडियममध्ये बसलेलेही कित्येक जण डोळ्यांनी खेळ पाहत आणि कानाशी ट्रान्झिस्टर धरत.

पुढे क्रिकेट रात्रीचे झाले. २००८ पासून आयपीएल आली. सामना संपायला अकरा-साडेअकरा होतात, आणि मग शेवटच्या कर्जत लोकलसाठी धावाधाव. खोपोलीकराला त्याहून पुढे १५ किलोमीटर जायचे असते. तिकिटांचेही तेच. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा सुमारे ३३ हजारांच्या स्टेडियममधली जेमतेम ४ हजार तिकिटे सर्वसामान्यांसाठी होती. पाच जणांत एक तिकीट घेण्याची युक्ती तिथे काय कामाची?

म्हणून २०२५ च्या महिला विश्वचषकाची बातमी वाचून मला आनंद झाला. साखळी सामन्यांची तिकिटे १०० रुपयांपासून होती, आणि नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम म्हणजे खालापूरकराला पनवेलमार्गे वानखेडेपेक्षा जवळ. ३० ऑक्टोबरला जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या, त्या याच मैदानावर. २ नोव्हेंबरचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाला. भारताने तो ५२ धावांनी जिंकला तेव्हा मध्यरात्र झाली होती. विश्वचषक जिंकलेला पाहिला खरा, पण त्या वेळी नेरूळहून खोपोलीला जायचे कसे? रिक्षा-टॅक्सी केली तर ती तिकिटाच्या कित्येक पट.

फुकट क्रिकेट मुंबईत आजही आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, ती आझाद मैदानावर, स्टेशनच्या समोर. बघायला तिकीट नव्हते. शालेय सामने तिथे अजूनही होतात. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. पण मोठ्या सामन्याची मजा त्याने भागत नाही.

स्वस्त तिकीट म्हणजे स्वस्त सामना, असे शहरात राहणाऱ्याला वाटते. आमच्या हिशेबात तिकिटाशेजारी परतीची गाडी असते. नेरूळला पुढचा मोठा सामना ठरेल तेव्हा खेळ संपल्यानंतर पनवेल, चौक, खोपोली, कर्जत अशा दोन जादा एसटी सोडा, एवढी मागणी आपल्या दोन्ही तालुक्यांनी आधीच करून ठेवायला हरकत नाही.