सातारची गादी आणि एका तरुणाचा प्रश्न

६ मे २०२३ रोजी लंडनला चार्ल्स तिसरे यांचा राज्याभिषेक झाला. त्या दिवशी पोशीरच्या एका घरी मी भेटीस गेलो होतो. सारे कुटुंब टीव्हीसमोर बसले होते. कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणाला, "फादर, आपल्याकडेही असा राजा हवा होता. ना या पक्षाचा, ना त्या पक्षाचा. सर्वांनी मान लवावी असा कुणीतरी." त्याची आई लगेच म्हणाली, "आपले राष्ट्रपती आहेत ना?" मुलाचे समाधान झाले नाही, राष्ट्रपती पाच वर्षांनी बदलतात, हा त्याचा आक्षेप.

प्रश्न पोरकट नव्हता, आणि त्याच्या उत्तरासाठी इंग्लंडला जाण्याचेही कारण नाही. महिनाभरातच, जून २०२३ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातील रायगडावर शिवराज्याभिषेकाचे ३५०वे वर्ष साजरे होऊ लागले. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराज सिंहासनावर बसले, तेव्हा त्यांची सत्ता काही नव्याने निर्माण झाली नव्हती. नवे होते ते नाते. तोवर दिल्ली आणि विजापूरच्या दरबारी ते बंडखोर जहागीरदार होते. आता रयतेला स्वतःचा राजा, स्वतःचा शक आणि स्वतःचे नाणे मिळाले. राज्यकारभारातील फारसी शब्दांना पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश'ही तयार झाला. राजा प्रतीक म्हणून काय करू शकतो, याचा याहून उत्तम दाखला मला ठाऊक नाही.

परंतु त्याच सिंहासनाची पुढची कथा आपण मुलांना क्वचितच सांगतो. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि खरी सत्ता पुण्यास गेली. छत्रपती साताऱ्यात बहुधा नजरकैदेतच राहिले. तरीही पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. सवाई माधवराव अवघ्या चाळीस दिवसांचे असताना, १७७४ मध्ये, त्यांच्यासाठीही ती तेथूनच आली. ज्याला वाड्याबाहेर पडण्याची मुभा नाही त्याच्या वस्त्रांवाचून राज्य चालत नाही, असा तो चमत्कारिक प्रकार होता.

गादीची ही किंमत एल्फिन्स्टनने अचूक ओळखली. ११ फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यात त्याने सातारच्या राजाला स्वतंत्र मुलूख देण्याचे आश्वासन दिले. तरुण प्रतापसिंह त्या वेळी बाजीरावाच्या छावणीत होते. नऊ दिवसांनी आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले. एका पहारेकऱ्याकडून दुसऱ्याकडे. राजा जर केवळ प्रतीकच असेल, तर ज्याच्या हाती त्याच्या वाड्याची किल्ली त्याचेच ते प्रतीक, हे त्या तरुणाला मला सांगायचे होते.

मात्र गोष्ट एवढ्यावर संपत नाही. प्रतापसिंहांनी साताऱ्यात रस्ते बांधले, शाळा काढल्या, पाणी आणले. पुढे त्यांच्यावर राजद्रोहाचे आरोप झाले. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी संधान बांधून इंग्रजांविरुद्ध कट केला, हा त्यांतला एक. (गोव्याचे नाव कोठे निघेल याचा नेम नाही!) गव्हर्नर कारनॅकने वाट काढली: अपराध मान्य करणाऱ्या कागदावर सही करावी, गादी राहील. प्रतापसिंहांनी सही नाकारली. ५ सप्टेंबर १८३९ रोजी ते पदच्युत झाले, काशीला रवाना झाले आणि १८४७ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या जागी बसवलेले बंधू १८४८ मध्ये निपुत्रिक निधन पावताच राज्यही खालसा झाले.

रंगो बापूजी गुप्ते यांनी या पदच्युत राजाची कैफियत घेऊन लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षे काढली. १८५३ मध्ये ते रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये साताऱ्यातील उठावाच्या कटाबद्दल त्यांच्या मुलाला फाशी झाली. ते स्वतः मात्र बेपत्ता झाले ते कायमचेच.

आपल्या परिसरात माथेरानवर 'किंग जॉर्ज पॉइंट' आहे. त्या जॉर्जविषयी पोशीरमध्ये कोणी एक वाक्य सांगू शकेल असे वाटत नाही. त्याच माथेरानात जन्मलेले भाई कोटवाल २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटील यांच्यासह सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या दिवशी आजही माणसे सिद्धगडाची वाट चढतात.

हे सारे ऐकून तो मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, प्रतापसिंहांनी सही केली असती तर?"

"तर गादी राहिली असती," मी म्हणालो, "पण रंगो बापूजी कशासाठी गेले असते लंडनला?"