डॉक्टर विधिमंडळात : ओरेगॉन राज्यातील आरोग्यसेवेचा प्रश्न (१९७८-२००८)

प्रस्तावना

अमेरिकेत सर्व नागरिकांसाठी एकच सार्वजनिक आरोग्ययोजना कधीही अस्तित्वात आली नाही. वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या दोन योजनांचा कायदा १९६५ साली झाला. त्यांपैकी मेडिकेडचा खर्च केंद्र आणि राज्ये मिळून उचलतात. परिणामी, गरीब रुग्णास कोणता उपचार मिळावा याचा निर्णय पुष्कळ अंशी राज्याच्या विधिमंडळात होतो. अशा विधिमंडळात एखादा डॉक्टर निवडून गेला, तर त्याचे व्यावसायिक नीतिशास्त्र तेथे कितपत टिकते? डॉ. जॉन किट्झहेबर यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

किट्झहेबर हे ओरेगॉनमधील रोझबर्ग या गावी रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात डॉक्टर होते. हा परिसर लाकूड व्यवसायावर जगणारा. १९७८ साली ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्याच्या प्रतिनिधीगृहावर, १९८० साली सिनेटवर निवडून आले आणि १९८५ पासून १९९३ पर्यंत सिनेटचे अध्यक्ष राहिले. सदस्य झाल्यावरही अनेक वर्षे त्यांनी रुग्ण तपासणे सोडले नाही. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी लाकूड उद्योगात मंदी आली, राज्याचे उत्पन्न घटले आणि मेडिकेडच्या लाभार्थ्यांना कात्री लागली. सभागृहात ज्यांची नावे वगळली गेली, तेच लोक आजार बळावल्यावर आकस्मिक विभागात येतात, हा अनुभव ते पुढे वारंवार सांगत.

१९८७ चा निर्णय

१९८७ च्या अधिवेशनात विधिमंडळाने मेडिकेडमधून बहुतेक अवयव प्रत्यारोपणांचा खर्च देणे थांबविले. सुमारे ३० रुग्णांवर होणाऱ्या खर्चात शेकडो गर्भवती स्त्रिया व बालकांना प्राथमिक सेवा देता येईल, असा हिशेब त्यामागे होता. निर्णय फारशी चर्चा न होता झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रक्ताचा कर्करोग झालेला ७ वर्षांचा एक मुलगा अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी कुटुंबीय वर्गणी गोळा करीत असतानाच मृत्यू पावला. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीने हे प्रकरण देशभर नेले.

प्रत्यारोपणासाठी पुन्हा पैसे द्यावेत, ही मागणी १९८८ च्या आरंभी विधिमंडळाच्या समितीपुढे आली. डॉक्टर असलेल्या सिनेट अध्यक्षांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. लोकांना दिसणाऱ्या एका रुग्णासाठी पैसे काढले, तर ते न दिसणाऱ्या अनेकांच्या वाट्यातून जातात, हे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद निर्दय वाटतो. मात्र किट्झहेबर तेवढ्यावर थांबले नाहीत. कोणता उपचार द्यावयाचा हे ठरवावेच लागणार असेल, तर ते गुपचूप न ठरता जाहीरपणे ठरावे, अशी त्यांची भूमिका होती.

प्राधान्ययादी

१९८९ च्या कायद्याने या भूमिकेस रूप दिले. दारिद्र्यरेषेखालील प्रत्येकास संरक्षण मिळावे. ११ सदस्यांच्या आयोगाने आजार व त्यांवरील उपचार यांच्या जोड्यांची क्रमवार यादी करावी. विधिमंडळाने उपलब्ध पैशांनुसार त्या यादीत रेषा आखावी. यादीतील क्रम बदलण्याचा अधिकार विधिमंडळास नव्हता. पैसे कमी पडल्यास रेषा वर सरकेल, पण माणसे वगळली जाणार नाहीत. कायद्याचे सगळे मर्म या एका तरतुदीत आहे.

यादी करणे मात्र सोपे ठरले नाही. १९९० मधील पहिल्या मसुद्यात खर्च व लाभ यांच्या गणिताने दाताला टोपी बसविण्याचा क्रम गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेवरील जीवरक्षक शस्त्रक्रियेच्या वर लागला! आयोगाने ते गणित बाजूला ठेवले व स्वतःच्या विवेकाने क्रम लावला. १९९१ च्या यादीत ७०९ जोड्या होत्या आणि रेषा ५८७ व्या क्रमांकाखाली आखली गेली. लोकमत जाणण्यासाठी राज्यभर सभा घेण्यात आल्या. परंतु उपस्थितांत आरोग्य क्षेत्रातील सुशिक्षितांचाच भरणा होता. ज्यांच्यासाठी रेषा आखली जात होती, ते त्या सभांत थोडेच होते. आरंभी वृद्ध व अपंग या यादीबाहेर होते. गरीब माता व मुले यांच्यावरच प्रयोग का, हा टीकाकारांचा प्रश्न म्हणूनच गैरलागू नव्हता. बुश प्रशासनाने १९९२ साली अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचा आधार घेऊन परवानगी नाकारली. क्लिंटन प्रशासनाने १९९३ साली ती दिली. या योजनेवर कडाडून टीका करणारे अल गोर त्या वेळी उपराष्ट्राध्यक्ष होते, हा राजकारणातील योगायोगच म्हणावा लागेल.

रेषेचे राजकारण

योजना फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी किट्झहेबर गव्हर्नरपदी निवडून आले. विमा नसलेल्यांचे प्रमाण १९९२ मधील सुमारे १८ टक्क्यांवरून १९९६ पर्यंत ११ टक्क्यांवर आले. परंतु हे यश यादीमुळे होणाऱ्या काटकसरीचे नव्हते. पहिल्या पाच वर्षांत यादीमुळे झालेली बचत एकूण खर्चाच्या सुमारे २ टक्के होती, असे जेकब्स, मार्मर व ओबरलँडर यांनी १९९९ साली दाखवून दिले. पैसा आला तो सिगारेटवरील वाढीव करातून आणि राज्याच्या तिजोरीतून. रेषा सर्वांना दिसू लागल्यावर ती वर ओढणे लोकप्रतिनिधींना अवघड झाले. केंद्र सरकारही त्यास सहजी संमती देईना. उपचार नाकारण्यासाठी केलेल्या यादीने उपचारांचे रक्षण केले.

२००१ नंतरच्या मंदीत मात्र राज्य जुन्या वाटेवर परतले. किट्झहेबर यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत आखलेल्या फेरबदलानुसार २००३ पासून लाभार्थ्यांच्या एका गटास मासिक हप्ता भरणे सक्तीचे झाले. रक्कम ६ ते २० डॉलर, म्हणजे वरकरणी क्षुल्लक. तरीही वर्षभरात या गटातील सुमारे निम्मे लोक योजनेबाहेर पडले. उपचारांतील रेषा पुन्हा माणसांमध्ये आखली गेली होती.

२००८ मध्ये थोड्या जागा भरण्यासाठी राज्याने सोडत काढली. सुमारे १०,००० जागांसाठी जवळजवळ ९०,००० नावे आली. या सोडतीमुळे संशोधकांना विमा मिळालेले व न मिळालेले यांची तुलना करता आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या दोन वर्षांत रक्तदाब वा कोलेस्टेरॉलमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. नैराश्याचे प्रमाण घटले आणि उपचारांच्या खर्चामुळे कुटुंब कर्जबाजारी होण्याचे संकट जवळजवळ नाहीसे झाले.