आडनावाच्या आधी बापाचं नाव

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या गावठाणांतल्या पाट्या वाचत गेलं, की आडनावांवरून गाव सांगता येतं. भोसरीत लांडगे आणि गव्हाणे, वाकडला कस्पटे, थेरगावला बारणे, रावेतला भोंडवे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे एमआयडीसीच्या वसाहती आल्या, 1982 मध्ये महानगरपालिका झाली. शेतं गेली, भावक्या मात्र जागच्या जागी राहिल्या.

कधी घराण्याचं नाव गावाला चिकटतं. फुगेवाडी फुग्यांची, आणि पिंपरीचं महसुली नावच पिंपरी वाघेरे. शेवटी ‘कर’ असलेलं आडनाव बहुधा गाव सोडलेल्याला मिळतं. 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे, पण घराणं मूळचं कोकणातलं.

नुसत्या आडनावावर विसंबणारा मात्र हमखास चकतो. देहूच्या तुकोबांचं आडनाव अंबिले, कुळ मोरे. आज त्यांचे वंशज मोरे म्हणून ओळखले जातात. चिंचवडच्या मोरया गोसावींचं घराणं मूळचं शाळिग्राम. पुत्र चिंतामणी महाराजांना तुकोबांनी ‘देव’ म्हटलं आणि तेच आडनाव झालं, अशी परंपरा सांगते. एकाच रक्ताच्या माणसांची दोन-दोन आडनावं, आणि एकाच आडनावाची परस्परांशी नातं नसलेली माणसं, दोन्ही इथे भेटतात.

म्हणून वंशाचा खरा शोध कागदात करावा लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या मोडी नोंदींत पुष्कळदा आडनाव नसतंच. माणूस ओळखला जातो तो ‘अमका बिन तमका’ किंवा ‘वलद’ असा, म्हणजे बापाच्या नावानं. सातबाऱ्यावरून जुन्या फेरफाराकडे, फेरफारातल्या वारस नोंदीवरून गाव नमुना 14 कडे, म्हणजे जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकाकडे, आणि तिथून शाळेच्या जनरल रजिस्टरकडे, अशा पायऱ्या उतरत एकेक बाप सापडत जातो. 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन जमिनी संपादित होऊ लागल्या, तेव्हा मोबदल्यासाठी वारस सिद्ध करताना हीच वंशावळ अनेक घरांना कामी आली. 2023 पासून मराठा-कुणबी प्रमाणपत्रांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधानं मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली.

कारखान्यांसाठी मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या घरांना मात्र इथल्या दप्तरात काही मिळणार नाही. त्यांची वाट नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांकडे जाते. तिथे सध्याचा पत्ता नव्हे, तर मूळ गाव आणि आडनाव विचारतात, आणि मागच्या पिढ्यांनी नोंदवलेली नावं काढून दाखवतात.

या साऱ्या कागदांत बाईची बाजू फार तुटपुंजी आहे. तिच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचं नाव येतं. माहेर कुठलं, बाप कोण, हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं, आणि तिथे वंशाची अर्धी फांदी तुटते. ही हानी कोणत्याही जुन्या दप्तरातून भरून निघणारी नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लिहिणं राज्यानं बंधनकारक केलं आहे. माहेरच्या आडनावाला मात्र त्यात अजून रकाना नाही.